डावखुरे मास्तर

बाईंच्या पडद्यावर तीन बटणं होती आणि त्या तीन बटणांच्या जिवावर संस्थेने त्यांना ‘थेट संवाद व्यवस्थापक’ असं भारदस्त पद दिलं होतं. ‘पुढे पाठवा’, ‘थांबवा’ आणि ‘वगळा’. आठवड्यातून एकदा, दुपारी तीन ते चार, दोनशे बारा विद्यार्थी आपापल्या घरून शिवणकामाचे प्रश्न टाइप करायचे. ते आधी बाईंकडे यायचे आणि बाईंनी पुढे पाठवले तरच शेजारच्या काचेच्या खोलीत बसलेल्या मास्तरांच्या पडद्यावर उमटायचे. एकोणीस वर्षं शाळेत शिकवल्यावर बाईंच्या नशिबी हे आलं होतं. मुलांचे प्रश्न मास्तरांपर्यंत पोहोचणार नाहीत याची काळजी घ्यायची आणि महिन्याच्या शेवटी पगार घ्यायचा.

अभ्यासक्रम ‘मिश्र’ होता. म्हणजे अर्धा रेकॉर्ड केलेला आणि अर्धा थेट. मास्तरांनी पुरुषांचा शर्ट कापून, शिवून दाखवला, त्याचे व्हिडिओ आधीच तयार होते. विद्यार्थ्यांनी ते घरी बघायचे आणि अडलेलं आठवड्याच्या तासाला विचारायचं. कल्पना वाईट नव्हती. फक्त त्या दोन अर्ध्यांची आपसात ओळखदेख नव्हती. व्हिडिओवाले वरच्या मजल्यावर बसत, थेट तासवाले खालच्या. बाईंनी एकही व्हिडिओ बघितला नव्हता, कारण ते त्यांचं खातं नव्हतं. मास्तरांनीही बघितला नव्हता. त्यांचं म्हणणं, चाळीस वर्षं मी कापड कापतोय, आता मलाच बघून मी काय शिकू?

या सगळ्याच्या माथ्यावर बसलेले साहेब वयाने बाईंच्या थोरल्या मुलाएवढे होते. त्यांना पाठीमागे सगळे टक्के म्हणत. टक्क्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण कोणत्याही गोष्टीचा आलेख काढता येत होता. थेट तासाचा आलेख काढायचा कसा, हा त्यांना पडलेला प्रश्न त्यांनी एका बैठकीत निकालात काढला. शंभरातले ऐंशी गुण शर्टाला आणि वीस गुण ‘संवादा’ला. बाईंनी पुढे पाठवलेल्या प्रत्येक प्रश्नाचे विद्यार्थ्याला पाच गुण. चाराहून जास्त प्रश्न कोणाचेही पुढे पाठवायचे नाहीत, ही मर्यादा बाईंनी स्वतः लक्ष ठेवून पाळायची, कारण ती यंत्रात घालायला कोणाला सवड झाली नव्हती. शेवटचा तास चारला संपला, की यंत्र गुणांची बेरीज करून पन्नासच्या वर असलेल्यांना आपोआप प्रमाणपत्र धाडणार. माणसाचा हात कुठेच लागत नाही, हे टक्के फार अभिमानाने सांगत.

बाईंच्या टेबलाच्या काचेखाली नियमांचा कागद होता. वैयक्तिक प्रश्न वगळा. व्हिडिओबद्दलच्या तक्रारी वगळा. तोच प्रश्न पुन्हा आला तर वगळा. यातून गाळून जे उरायचं, त्याला प्रश्न म्हणायला जीभ रेटत नसे. ‘मास्तर, तुम्ही खूप सोपं करून शिकवता.’ पुढे पाठवा, पाच गुण. ‘मास्तर, शर्ट शिवताना मन शांत ठेवायला हवं का?’ पुढे पाठवा, पाच गुण. लोक चार आठवड्यांत शहाणे झाले. कॉलरला टोक कसं काढायचं ते कोणाला येवो न येवो, वीस गुणांचं गणित सगळ्यांना नीट जमलं होतं.

मास्तर काचेच्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसायचे. कात्री, मोजपट्टी, खडू, सगळं टक्क्यांनी टेबलावरून काढायला लावलं होतं, कारण थेट तास हा संवादासाठी आहे, कामासाठी नाही. मास्तरांना बोलता यायचं ते हातांनी. ‘हे असं घ्यायचं, ते तसं वळवायचं,’ यापलीकडे त्यांच्या तोंडून वाक्य निघत नसे. डावं-उजवं तर ते कधी म्हणायचेच नाहीत, बोट दाखवलं की झालं. कात्रीशिवाय त्यांना तिथे बसवणं म्हणजे माणसाला भर सभेत उभं करून तोंड बांधण्यासारखं होतं. तास संपला की ते बाहेर येऊन बाईंना विचारायचे, ‘बाई, मी असा वर्ग आयुष्यात नाही बघितला. कोणाला काही अडतच नाही का हो?’

बाई म्हणायच्या, हुशार आहेत सगळे, मास्तर. आणि मान खाली घालून तासाचा अहवाल भरायच्या.

आता ‘दादाचा फोन’ची गोष्ट. पडद्यावर विद्यार्थ्यांची नावं फोनवरून यायची, त्यामुळे वर्गात ‘आईचा नवीन नंबर’ होतं, ‘दुकान’ होतं, तसं एक ‘दादाचा फोन’ होतं. ती एक मुलगी होती. पहिल्या तासाला सगळ्यांनी आपापली ओळख लिहिली, तेव्हा तिने सरळ लिहून टाकलं होतं, की घराजवळच्या कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर जागा आहे, प्रमाणपत्राचा कागद आणला तर घेतो म्हणालेत, आत काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. दादा तीन महिन्यांनी कामाला परगावी जाणार, फोन त्याच्याबरोबर जाणार, म्हणून काय शिकायचं ते याच खेपेला. बाईंना ती आवडली होती. बाकीच्यांनी ‘शिवणाची आवड लहानपणापासून’ असं लिहिलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात ‘दादाचा फोन’चा पहिला प्रश्न आला. बाईंच्या यादीत प्रत्येक प्रश्नाची फक्त पहिली ओळ दिसायची. पुढचं वाचायला त्यावर दाबून तो उघडावा लागे, आणि दोनशे लोक एकदम लिहायला लागले की उघडत बसायला कोणाला वेळ होता. पहिली ओळ होती : ‘मास्तर, तुम्ही डावखुरे आहात का?’

बाईंनी कपाळावर आठी घातली. एकोणीस वर्षांच्या अनुभवावर त्यांचा फार भरवसा होता. मूल हात वर करतं तेव्हाच आपल्याला कळतं, की याला प्रश्न पडलाय की नुसतं मिरवायचंय, असं त्या सगळ्यांना सांगत. ही मुलगी कामाची वाटली होती, आणि हीसुद्धा मास्तरांच्या हाताची चौकशी करत बसली. वैयक्तिक. वगळा.

तिसऱ्या आठवड्यात तीच ओळ. आता तर वैयक्तिक आणि वर पुन्हा तीच. वगळा. चौथ्या आठवड्यात तीच, पाचव्या आठवड्यात तीच. सातव्या आठवड्यापासून बाईंचं बोट डोळ्यांच्याही आधी बटणावर जायला लागलं. मुलगी चिवट आहे, एवढं त्यांच्या मनात यायचं, पण ते कौतुकाने नव्हे. बाराव्या तासापर्यंत ‘दादाचा फोन’ने तो प्रश्न अकरा वेळा विचारला आणि अकरा वेळा तो वगळला गेला. संवादाच्या रकान्यात तिच्या नावापुढे शून्य होतं. ‘मन शांत ठेवायला हवं का’वाल्याला वीसपैकी वीस होते.

मग शर्ट आले. प्रत्येकाने एक शर्ट शिवून पाठवायचा होता आणि मास्तर तो तपासणार होते. बैठकीच्या खोलीत पाकिटांचा ढीग लागला. बारा आठवड्यांत मास्तर पहिल्यांदा खुशीत दिसले. हाताला कापड लागणार होतं. बाई पाकिटं उघडून द्यायला बसल्या आणि टक्के गुण भरायला.

मास्तरांनी पहिला शर्ट टेबलावर पसरला आणि हसले. खिसा उजव्या छातीवर होता आणि काजंही उजव्या बाजूला. पुरुषांच्या शर्टाचा खिसा डावीकडे असतो आणि काजंही डावीकडे, हे ज्याने जन्मात एकदा शर्ट घातलाय त्याला सांगावं लागत नाही. घाई झाली असेल बिचाऱ्याला, असं म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. दुसरा शर्टही तसाच. तिसऱ्याला शिलाई देखणी होती, पण खिसा उजवीकडे. दहाव्या शर्टापर्यंत मास्तरांचं हसू मावळलं. तिसाव्या शर्टानंतर ते शर्ट पसरीनात, नुसता खिसा चाचपून पुढे सरकवायला लागले. एका पाकिटात चिठ्ठी होती : ‘माझे मिस्टर म्हणतात खिसा चुकला. मी त्यांना म्हटलं, आधी व्हिडिओ बघा आणि मग बोला.’

मास्तरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग हळू आवाजात विचारलं, ‘यांना शिकवलं कोणी?’

‘तुम्हीच की,’ टक्के म्हणाले.

बाईंनी तिथेच भिंतीवरच्या पडद्यावर व्हिडिओ लावला. मास्तर आपल्या मशीनशेजारी उभे होते, कापड पसरत होते, ‘हे असं घ्यायचं’ म्हणत होते. आणि डाव्या हाताने कापत होते. मास्तरांनी खुर्चीतून उठून आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला, त्यावरच्या कात्रीच्या घट्ट्याकडे बघितलं आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. ‘हा मी नाही,’ ते म्हणाले.

वरच्या मजल्यावरून व्हिडिओवाल्याला बोलावण्यात आलं. त्याने अजिबात न गडबडता खुलासा केला. संस्थेचं बोधचिन्ह चौकटीत वर उजवीकडे यावं असा नियम आहे. चित्रण झाल्यावर कळलं, की उजवीकडे मशीनचा दिवा येतोय आणि बोधचिन्ह त्यावर बसतंय. पुन्हा चित्रण करायचं तर मास्तरांचे चार दिवस गेले असते. म्हणून सगळं चित्र आरशातल्यासारखं उलटं करून टाकलं. दिवा डावीकडे गेला, बोधचिन्ह ठसठशीत दिसायला लागलं. मोजपट्टीवरचे आकडे उलटे नाही का दिसले, असं बाईंनी विचारलं. त्यावर कंपनीचं नाव होतं, फुकट जाहिरात नको म्हणून पट्टी पुसट करून टाकली होती, असं त्याने सांगितलं. माणूस आपल्या कामात चोख होता.

उरलेली पाकिटं बाईंनी उघडली. शेवटून पाचवं पाकीट ‘दादाचा फोन’चं होतं. मास्तरांनी सवयीने खिसा चाचपला आणि त्यांचा हात थांबला. खिसा डावीकडे होता. काजं डावीकडे. कॉलरची दोन्ही टोकं नेमकी सारखी. मास्तरांनी तो शर्ट उचलून खिडकीपाशी नेला, उलटा करून आतली शिवण बघितली, आणि बाईंना वाटलं, की आता हा माणूस रडतो की काय. पाकिटातली चिठ्ठी बाईंच्या हातात होती.

‘मास्तर, व्हिडिओत तुम्ही डाव्या हाताने कापता आणि तासाला उजव्या हाताने चष्मा पुसता. खिसा पण दादाच्या शर्टाशी जुळेना. म्हणून मी फोन आरशासमोर धरला आणि आरशात बघून शिवला, तेव्हा सगळं जुळलं. याबद्दल विचारलं होतं. तुम्हाला वेळ झाला नसेल.’

बाई उठून आपल्या टेबलाशी गेल्या. वगळलेल्या प्रश्नांची एक यादी यंत्रात असते, ती त्यांनी पहिल्यांदा उघडली. त्या ओळीवर दाबलं. ‘मास्तर, तुम्ही डावखुरे आहात का? नसाल तर व्हिडिओतलं चित्र उलटं आहे. सगळ्यांचे खिसे चुकतील. कृपया सांगा.’ अकरा वेळा. दुसऱ्या आठवड्यातच दोनशे माणसांचं कापड वाचलं असतं. टक्के मूर्ख होते, व्हिडिओवाला मूर्ख होता, पण त्यांनी निदान शिक्षक असल्याचा आव आणला नव्हता. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली, की बराच वेळ त्यांना त्या खोलीत परत जाववेना.

परत गेल्या तेव्हा टक्क्यांनी तोडगा काढलेला होता. नव्वद टक्के विद्यार्थी उत्तीर्ण होतात, असं संस्थेने जाहिरातीत छापलं होतं. दोनशे अकरा लोकांना नापास करणं शक्य नव्हतं, चूक कबूल करणं तर त्याहून नाही. मग मोजमापच बदलायचं. ‘शर्ट व्हिडिओप्रमाणे आहे का?’ एवढाच निकष. त्या निकषावर दोनशे अकरा शर्ट बरोबर होते. एक तेवढा व्हिडिओप्रमाणे नव्हता. त्याला शून्य.

मास्तर म्हणाले, की हे मी करणार नाही. टक्के नम्रपणे म्हणाले, की तुम्हाला काही करायचंच नाही, गुण मी भरतो.

‘साहेब,’ बाई म्हणाल्या, ‘तिचा एकटीचा शर्ट बरोबर आहे.’

‘मॅडम, एकटीच आहे ना? मग टक्केवारीत फरक पडत नाही. आणि संवादातही तिला शून्यच आहे. बारा आठवड्यांत एक प्रश्न नाही विचारला तिने. अशा विद्यार्थ्यांचं आपण काय करणार?’

बाईंनी मनात बेरीज केली. शर्ट शून्य, संवाद शून्य. उद्या दुपारी चारला यंत्र बेरीज करेल, दादा फोन घेऊन जाईल आणि कारखाना दुसऱ्या कोणाला तरी घेईल. आणि यातल्या दुसऱ्या शून्याखाली बाईंची सही होती.

दुसऱ्या दिवशी तीनला शेवटचा तास सुरू झाला. बाईंनी त्याआधी मास्तरांच्या टेबलावर त्यांची कात्री आणि तो शर्ट नेऊन ठेवला होता. टक्के आपल्या खोलीत संवादाचा आलेख बघत बसले होते. निरोपाचा तास, त्यामुळे प्रश्नांचा पूर आला होता, सगळे गोड गोड. बाईंनी एकही पुढे पाठवला नाही. त्यांनी वगळलेल्यांची यादी उघडली आणि ‘दादाचा फोन’च्या पहिल्या प्रश्नावर ‘पुढे पाठवा’ दाबलं. मग दुसऱ्यावर. मग एकेक करत अकराही. आपल्या खोलीत आलेख एकदम वर चढलेला बघून टक्क्यांनी काचेतून बाईंना शाबासकीचा अंगठा दाखवला.

मास्तरांच्या पडद्यावर तोच प्रश्न अकरा वेळा उमटला, संपूर्ण. मास्तरांनी सावकाश वाचला. मग कात्री उचलून उजव्या हातात धरली आणि कॅमेऱ्यासमोर उघडझाप केली.

‘नाही पोरी, मी उजवा आहे,’ ते म्हणाले. ‘चित्र उलटं आहे. तू बरोबर पकडलंस.’ मग त्यांनी शर्ट उचलला आणि बाकीच्यांना सांगितलं, की तुम्हा सगळ्यांचे शर्ट चुकलेत. दोष व्हिडिओचा आहे, आणि मी तो बघितला नाही हा माझा. पण तुमच्या घरात एक तरी शर्ट असेल ना? तो उघडून बघायला कोणी बंदी केली होती का? एवढं झाल्यावर त्यांनी खडू मागवला आणि खिसा कुठे येतो ते दाखवायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं ते हातांनी बोलले. खरे प्रश्न यायला लागले, वेडेवाकडे, अर्धवट, चुकीच्या शब्दांत लिहिलेले, आणि बाई प्रत्येक प्रश्न उघडून शेवटपर्यंत वाचून पुढे पाठवत होत्या.

टक्के धावत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आवाज बंद करा म्हणाले. बाईंनी टेबलाच्या काचेखालच्या कागदावर बोट ठेवलं आणि सांगितलं, की वैयक्तिक प्रश्न, व्हिडिओच्या तक्रारी आणि पुन्हा तेच प्रश्न वगळायचे असा नियम आहे, आता येताहेत ते सगळे शिवणाबद्दलचे आहेत. टक्क्यांनी नियम स्वतः लिहिला होता. तो त्यांनी वाकून वाचला, जणू त्यात अजून काही सापडेल.

चार वाजले. यंत्राने बेरीज केली. ‘दादाचा फोन’ला शर्टाचे ऐंशीपैकी शून्य आणि संवादाचे वीसपैकी पंचावन्न गुण मिळाले. विसाच्या वर कोणी जाऊ शकतं, हे यंत्राला कोणी शिकवलंच नव्हतं. पंचावन्न म्हणजे उत्तीर्ण. प्रमाणपत्र गेलं, माणसाचा हात कुठेच न लागता. त्यावर शेरा होता, ‘संवादकौशल्य अत्युत्तम’.

टक्के बाईंना म्हणाले, की चार प्रश्नांची मर्यादा मोडल्याबद्दल तुम्हाला उद्यापासून यायची गरज नाही. बाईंना वाटलं होतं त्यापेक्षा हे फारच कमी लागलं. त्या टेबलावरचा चष्म्याचा डबा पर्समध्ये टाकत होत्या तेवढ्यात यादीत एक नवी ओळ आली. ‘दादाचा फोन’. पहिली ओळ अशी होती : ‘मास्तर, कागद मिळाला, पण शर्टाला शून्य का?’

बाईंनी ती उघडली. पुढे काही नव्हतं, तेवढाच प्रश्न होता. मास्तर काचेच्या खोलीत अजून कोणाला तरी काज दाखवत होते, कॅमेरा बंद झालाय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. उघडलेल्या प्रश्नाखाली उत्तराचा रकाना असायचा, त्यातलं थेट विद्यार्थ्याकडे जायचं, पण उत्तर द्यायचा अधिकार व्यवस्थापकाला नसतो, तो फक्त शिक्षकाला असतो. बाई पुन्हा खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी लिहिलं :

‘कारण दोनशे बारा शर्टांत तुझा एकटीचा बरोबर होता. तू अकरा वेळा विचारलंस ते मास्तरांपर्यंत मी पोहोचू दिलं नाही. मी बाई.’

आणि ‘पुढे पाठवा’ दाबलं.